मागे खेळणारा पुढे प्रशिक्षक होतो का?

प्रश्न : आमचा भाचा अकरावीत आहे. लहानपणापासून आमखास मैदानावर फुटबॉल खेळतो. जागा स्टॉपरची. त्याचे सर म्हणतात, ‘‘गोल मारणारे नाव कमावतात, मागे खेळणारे कोच होतात. तू कोच होशील.’’ आमच्या दाजींना हे पटत नाही. ‘‘पोराची समजूत काढायला सर असं बोलतात,’’ असं त्यांचं म्हणणं. घरात रोज वाद. तर (१) बचावपटूच चांगले प्रशिक्षक होतात, यात तथ्य किती? (२) आपल्या भागातून असा कुणी झाला आहे का? (३) मराठवाड्याचा फुटबॉलशी कधी काही संबंध होता का, की आपण पहिल्यापासून क्रिकेटवालेच? (४) पोराने नेमकं काय करावं?
– एक वाचक, गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चारही प्रश्न चांगले आहेत. सर आणि दाजी, दोघांनाही थोडं थोडं दुखावणारं उत्तर द्यावं लागणार आहे, म्हणून क्रमानेच जाऊ.

१. तथ्य किती?

आधी हिशेब मांडू. १९६६ ते २०२२ या काळात पुरुषांच्या विश्वचषक स्पर्धा १५ वेळा झाल्या. जिंकलेल्या संघांचे प्रशिक्षक स्वतः खेळत असताना मैदानात कुठे उभे राहत?

१९६६च्या इंग्लंडचे आल्फ रॅम्सी राइट बॅक. १९९०च्या पश्चिम जर्मनीचे फ्रान्झ बेकेनबाउअर बचावफळीच्या मागे मोकळे खेळणारे. २००२च्या ब्राझीलचे लुईझ फेलिपे स्कोलारी आणि २००६च्या इटलीचे मार्चेल्लो लिप्पी, दोघेही बचावपटू. २०२२च्या अर्जेंटिनाचे लिओनेल स्कालोनी मुख्यतः राइट बॅक. झाले पाच. १९८२च्या इटलीचे एन्झो बेआर्झोत हाफलाही खेळत आणि मागेही. त्यांना धरलं तर सहा.

आता अकरा जणांच्या संघात बचावपटू किती असतात? साधारण चार. सगळे विजेते प्रशिक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले असते, तरी पंधरांत पाच-सहा बचावपटू निघालेच असते. म्हणजे या मोजमापात मागे खेळणाऱ्यांना ना फायदा दिसतो, ना तोटा. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही विश्वचषक जिंकणारे आजवर तिघेच: ब्राझीलचे मारिओ झगालो, जर्मनीचे बेकेनबाउअर आणि फ्रान्सचे दिदिए देशाँ. त्यांतला एक विंगर, एक बचावपटू आणि एक बचावाकडे झुकलेला मिडफिल्डर. १९९४चा विश्वचषक ब्राझीलला जिंकून देणारे कार्लोस आल्बेर्तो परेरा तर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नाहीत.

एवढ्यावर दाजी खूश होतील. पण सरांच्या बोलण्यातही एक गोष्ट खरी आहे.

फॉरवर्ड बराच वेळ गोलकडे पाठ करून चेंडू मागतो. विंगरच्या एका बाजूला रेषा असते, त्यामुळे त्याला अर्धंच मैदान दिसतं. स्टॉपरच्या मागे फक्त गोलकीपर असतो, बाकी सगळा खेळ समोर. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाला जसं सगळं क्षेत्ररक्षण समोर दिसतं, तसंच हे. आपला राइट बॅक जास्त पुढे गेलाय, मिडफिल्डमध्ये भगदाड पडलंय, समोरचा दहा नंबर दोघांच्या मधल्या जागेत येऊन उभा राहिलाय, हे त्याला आधी कळतं. कळून भागत नाही, ते ओरडून सांगावं लागतं. ‘मॅन ऑन’, ‘लाइन वर घे’, ‘डावीकडे सरक’ असं स्टॉपर नव्वद मिनिटं बोलत असतो. ऑफसाइडची रेषा चौघांनी एकाच क्षणी पुढे न्यायची असते. एक जरी मागे राहिला तरी सापळा फसतो आणि समोरचा एकटा गोलकीपरपुढे जाऊन उभा राहतो. त्यामुळे आपली चूक आणि शेजाऱ्याची चूक वेगळी काढता येत नाही, हे या जागेवर लवकर समजतं. प्रशिक्षकाचं निम्मं काम हेच आहे: पाहणं, आणि पाहिलेलं दुसऱ्याला वेळेत समजेल अशा शब्दांत सांगणं.

आणखी एक कारण वयाचं. पाय मंदावले की विंगरची जागा जाते. स्टॉपर मात्र अंदाजावर आणखी काही वर्षं निभावून नेतो. त्या वर्षांत तो संघातला वडीलधारा होतो. नव्या पोरांना सांभाळतो, प्रशिक्षकाचं म्हणणं ड्रेसिंग रूममध्ये पोहोचवतो. म्हणजे शिकाऊ उमेदवारी तिथूनच सुरू होते.

पण ही उमेदवारीच, पदवी नव्हे. गोल अडवायला शिकलेला माणूस गोल घडवायला शिकवू शकेलच असं नाही. मागची चौकडी नीट बसवून बाकीचं नशिबावर सोडणारे प्रशिक्षक आपल्याकडच्या स्थानिक स्पर्धांत पुष्कळ दिसतात. तेव्हा सरांचं वाक्य थोडं दुरुस्त करून घ्या: स्टॉपरला प्रशिक्षक होण्याची सुरुवात सोपी जाते. पुढचं सगळं त्याला इतरांसारखंच शिकावं लागतं.

२. आपल्या भागातून कोण?

आपला भाग जरा मोठा धरून गोवा-मुंबईपर्यंत नेला, तर पहिलं नाव गोव्याचे डेरिक परेरा यांचं. त्यांची कारकीर्द नीट वाचली तर तुमच्या भाच्याबद्दलच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिच्यात सापडतं, आणि महाराष्ट्राबद्दलचंही.

परेरा वास्कोच्या साळगावकर क्लबाचे बचावपटू, भारताकडूनही खेळलेले. साळगावकरने १९८८ आणि १९८९ अशी सलग दोन वर्षं फेडरेशन कप जिंकला, त्या पिढीतले. प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव देशभर झालं ते मात्र गोव्यात नव्हे, मुंबईत. २००५-०६च्या हंगामात त्यांनी महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकून दिली. या लीगच्या पहिल्या वर्षी पंजाबच्या जेसीटीने बाजी मारली होती. त्यानंतरची सगळी विजेतेपदं कोलकाता आणि गोवा यांनी आपसांत वाटून घेतली होती. ती मक्तेदारी कूपरेजच्या मैदानावर खेळणाऱ्या एका कंपनीच्या संघाने मोडली. महाराष्ट्रातल्या क्लबाने देशाची लीग जिंकल्याचा तो पहिला प्रसंग. दुसरा यायला पंधरा वर्षं लागली, २०२०-२१मध्ये मुंबई सिटीने आयएसएल जिंकली तेव्हा. २००५-०६च्याच हंगामात महिंद्राने फेडरेशन कपही घेतला होता, आणि २००७च्या एएफसी कपात हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला.

तिथून परेरा पुण्याला गेले. पुणे एफसी हा २००७मध्ये उभा राहिलेला क्लब राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या आय-लीगमध्ये चढला आणि पहिल्याच हंगामात, २००९-१०मध्ये, तिसरा आला. २०१२-१३मध्ये दुसरा, चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग. कोलकात्याच्या क्लबांइतकी तारांकित नावं या संघात नव्हती. तरी रचना पक्की आणि प्रत्येकाला आपलं काम माहीत, अशी त्या संघाची ओळख होती. पुढे साळगावकर, मग २०१५-१६मध्ये पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स. त्यानंतर एफसी गोवामध्ये सहायक प्रशिक्षक, मग तांत्रिक संचालक. २०१९मध्ये आशियाई पात्रता फेरीसाठी भारताच्या २३ वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक. डिसेंबर २०२१मध्ये एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरान्दो ऐन हंगामात एटीके मोहन बागानला निघून गेले, तेव्हा क्लबाने मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारी परेरांकडेच दिली.

आता हीच यादी उलट बाजूने वाचा. महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. पुणे एफसीचा मुख्य संघ २०१५मध्ये. साळगावकर २०१६मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. डीएसके शिवाजियन्स २०१७मध्ये संपला. परेरांनी महाराष्ट्रात घडवलेल्या तीन संघांपैकी आज एकही मैदानात नाही. हे त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आलं असंही नाही. मुंबई एफसी २०१७मध्ये बंद पडला. आयएसएलमधला पुण्याचा संघ, एफसी पुणे सिटी, २०१९मध्ये. मालकाचं गणित बदललं की संघ गेला, हा शिरस्ताच पडला आहे. आपल्याकडे प्रशिक्षकांची वानवा आहे असं म्हणतात. खरी वानवा आहे ती टिकणाऱ्या क्लबांची. प्रशिक्षक एका हंगामात घडत नाही. त्याने शिकवलेली तेरा वर्षांची पोरं वीस वर्षांची होईपर्यंत क्लब जागेवर असावा लागतो. तसं नसेल तर प्रत्येक वेळी नव्याने पाया खणायचा आणि भिंत उभी राहायच्या आत जागा सोडायची.

दुसरं नाव महेश गवळी यांचं. हेही गोव्याचे आणि मधल्या बचावफळीतले. देंपोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात आर्मान्दो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्या सुवर्णकाळातले हे खेळाडू. पुढे ते भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले, आणि २०२३मध्ये बंगळूरच्या सॅफ स्पर्धेत त्यांच्यावर अचानक जबाबदारी येऊन पडली. मुख्य प्रशिक्षक इगोर स्तिमाच यांना स्पर्धेत दोनदा लाल कार्ड मिळालं. उपांत्य आणि अंतिम सामन्याला त्यांना बाकावर बसता येईना. तेव्हा गवळी उभे राहिले. लेबनॉनविरुद्ध गोलच झाला नाही आणि भारत पेनल्टीवर ४-२ने जिंकला. ४ जुलैच्या अंतिम सामन्यात कुवेतविरुद्ध १-१ बरोबरी झाली आणि पेनल्टीवर ५-४ असा निकाल लागला. मागे खेळलेल्या माणसाला अशा वेळी घाई न करण्याची सवय असते, असं म्हणायला इथे जागा आहे.

गवळींच्या सोबतीने देंपोच्या बचावफळीत खेळलेले समीर नाईकही प्रशिक्षणाकडे वळले. ज्या क्लबाकडून खेळले त्याच देंपोची सूत्रं त्यांनी हाती घेतली. गोव्यात हे जमतं, कारण तिथे क्लब गावाचा असतो आणि जुना खेळाडू त्याच मैदानावर पुन्हा येऊ शकतो.

मुंबईचं नाव घ्यायचं तर खालिद जमील. पण ते मिडफिल्डर, सरांच्या सिद्धान्तात बसत नाहीत. मुंबई एफसीत त्यांनी अनेक वर्षं तुटपुंज्या साधनांवर संघ सांभाळला, २०१६-१७मध्ये मिझोरमच्या आयझॉलला आय-लीग जिंकून देऊन सगळ्यांना चकित केलं आणि ऑगस्ट २०२५मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले.

३. मराठवाड्याचा संबंध

संबंध आहे, आणि तो फार मोठ्या नावांशी आहे. आपण तो विसरलो, कारण आपण भूगोल मुंबईकडे तोंड करून शिकतो.

३१ ऑक्टोबर १९५६पर्यंत हे शहर हैदराबाद राज्यात होतं. आणि त्या वर्षांत भारतीय फुटबॉलचं एक मोठं केंद्र हैदराबाद होतं. सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्यावर २०२४मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, ते मूळचे शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. भारताला १९५१ आणि १९६२च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळालं तेही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ने हरवून उपांत्य फेरी गाठली. मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी तीन गोल केले. त्या चमूत अझीझुद्दीन, नूर महंमद, तुलसीदास बलराम हे हैदराबादी खेळाडू होते. महिन्याभरापूर्वीपर्यंत ते आपल्याच राज्यातले होते.

१९६२च्या जकार्तातली एक गोष्ट भाच्याला जरूर सांगा. जर्नेल सिंग हे त्या संघाचे स्टॉपर. स्पर्धेत त्यांच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. मागे हेडिंग करणं अवघड, पण माणूस बाहेर बसवण्यासारखा नाही. रहीम यांनी त्यांना पुढे फॉरवर्डच्या जागी नेलं. जर्नेल यांनी उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला, आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ने हरवून सुवर्ण घेतलं. हा निर्णय घेणारे रहीम काही नामांकित बचावपटू नव्हते. कुणाकडून काय काढून घेता येईल हे ओळखणं, ही त्यांची शिक्षकाची नजर. त्याच संघाच्या बचावफळीतले अरुण घोष मात्र पुढे भारताचे प्रशिक्षक झाले.

आणि हैदराबादचाच खराखुरा ‘बचावपटू ते प्रशिक्षक’ हवा असेल तर सय्यद नईमुद्दीन. जन्म १९४४चा. कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांतून खेळले. १९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते आणि जपानला १-० हरवून संघाने कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९९०मध्ये ईस्ट बंगालला आयएफए शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स हे तिन्ही चषक एकाच मोसमात जिंकून दिले आणि त्याच साली ते द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी झाले. १९९७ आणि २००५, दोन्ही वर्षी सॅफ स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघाचे प्रशिक्षक तेच. पुरस्कारांच्या यादीत अर्जुन आणि द्रोणाचार्य या दोन्ही नोंदी एकाच फुटबॉलपटूच्या नावावर आणणारे ते पहिले. आमखासवर खेळणाऱ्या पोरांना हे नाव ठाऊक असायला हवं.

४. पोराने काय करावं?

पहिलं म्हणजे अकरावीतल्या मुलाने ‘कोच व्हायचंय’ म्हणून खेळ कमी करू नये. आधी पुष्कळ खेळावं. शाळा-कनिष्ठ महाविद्यालयाच्या सुब्रतो कपपासून विद्यापीठाच्या संघापर्यंत मिळेल तिथे. आणि अधूनमधून जागा बदलून खेळावं. स्टॉपरने वर्षातले काही सामने मिडफिल्डला खेळले तर पुढे शिकवताना त्याला अर्धा संघ परका वाटणार नाही.

दुसरं, या व्यवसायात शिरायचे दरवाजे दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या घरांत उघडतात. क्लब आणि अकादमीत काम करायचं तर परवाने लागतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्राथमिक अभ्यासक्रमांनंतर डी परवाना, त्यावर आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. एका पायरीवरून दुसरीवर जाताना मध्ये प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा अनुभव लागतो, त्यामुळे प्रो गाठेपर्यंत माणूस सहज तिशी-चाळिशीत पोहोचतो. महाराष्ट्रात या अभ्यासक्रमांची चौकशी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे करायची. वयाच्या आणि शिक्षणाच्या अटी प्रत्येक वेळच्या जाहिरातीत असतात. दुसरा दरवाजा शाळा आणि सरकारी नोकरीचा. तिथे बी.पी.एड. चालतं, आणि क्रीडा प्राधिकरणासारख्या संस्थांत पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका विचारली जाते. ज्याला पोट भरण्याची काळजी आहे त्याने दोन्हींकडे पाय ठेवावा. एकाचा परवाना दुसरीकडे आपोआप चालत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

तिसरं, पैशाचं. दाजींची खरी काळजी हीच असणार. देशाच्या वरच्या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाच्या जागा मोजक्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच परदेशी माणसांकडे जातात. आयएसएलमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक झालेला पहिला भारतीय, म्हणजे जमीलच, यायला २०२१ उजाडलं. ही स्पर्धा सुरू झाली होती २०१४मध्ये. तेव्हा ‘कोच होशील’ या वाक्याचा अर्थ टीव्हीवर दिसशील असा घेऊ नये. शहरातल्या शाळा आणि अकादम्या, विभागीय क्रीडा संकुल, विद्यापीठाचा संघ, इथे काम आहे. ते चांगलं करणारा माणूस इथे लागतोच, पगार मात्र बेताचा असतो. त्यामुळे शिक्षण सोडून या मागे लागू नये.

चौथं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मुलाला प्रशिक्षक व्हायची आवड आहे का, हे त्याच्या जागेवरून कळत नाही. ते कळण्याचा उपाय सोपा आहे. त्याच्या सरांना सांगा, तेरा वर्षांखालच्या पोरांचा एक तास महिनाभर याच्याकडे द्या. पोरं ऐकत नाहीत, एक रडतो, दोघे भांडतात, चेंडू एकच आणि हवा सगळ्यांनाच. महिन्याने विचारा, त्यातल्या कोणत्या पोराला काय जमत नाही आणि का. तो पोरांची नावं घेऊन, एकेकाची अडचण सांगू लागला तर सरांचा अंदाज बरोबर आहे. ‘पोरं ऐकतच नाहीत’ एवढंच म्हणाला तर दाजींचं बरोबर. मग त्याला निवांत खेळू द्या. चांगल्या स्टॉपरचीही आपल्या शहराला गरज आहेच.